फुली म्हणजे खोडलेलं: एका दिवाणजींची ड्रमची पुस्तकं

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. रविवारी सकाळी दारात आधी हळदीचा वास आला आणि मग माणूस. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत तीन पुस्तकं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली ड्रमस्टिकची जोडी.

"मास्तर, दोन महिने झालं ड्रम शिकाय लागलोय. पुस्तकातनं. पण पुस्तक काय पुढं सरकंना झालंय."

मी वीस-बावीस वर्षं वाद्यवृंदात ड्रम वाजवला. आता सांगलीच्या विश्रामबागेत घरातल्याच एका खोलीत पोरांना शिकवतो. नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची संगीताची लिपी, वाचायला मात्र मी ड्रमसाठी शिकलो नव्हतो. मिरजेत चर्चच्या क्वायरमध्ये बसायचो, तिथं ते आपोआप अंगवळणी पडलं. त्यामुळे हातात पुस्तक घेऊन अडलेला माणूस असला की आमच्याकडचे वाजवणारे त्याला माझ्याकडं पाठवतात.

हे गृहस्थ मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर दिवाणजी. वय ४१. लिहितानाही त्यांना दिवाणजीच म्हणतो. लहानपणापासून मंडळाच्या मिरवणुकीत हलगी वाजवलेली, त्यामुळे कान तयार आणि लयीला पक्के. क्लास का लावत नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आमच्या धाकट्याच्या वर्गातली पोरं येत्यात तुमच्याकडं. त्यांच्या शेजारी बसून मी टाकटुक करू व्हय?" लाज हे कारण हसण्यावारी नेऊ नये. चाळिशीनंतर वाद्य हातात घेणारे बरेच जण याच कारणानं पुस्तकाकडं वळतात.

बाकी परिस्थिती अशी. पेढीवरनं सुटून जेवणखाण आटोपून रात्री साडेनऊनंतर अर्धा तास मिळणार. घर खणभागातल्या जुन्या वाड्यात, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत. म्हणजे ड्रमसेट घरी आणायचा प्रश्नच नाही. रबरी प्रॅक्टिस पॅड तेवढं होतं. इंग्रजी बिलापुरतं आणि जीएसटीच्या पोर्टलपुरतं वाचता येतं.

पिशवीतली तीन पुस्तकं

पहिलं पुस्तक जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचं 'स्टिक कंट्रोल'. १९३५ सालचं. ड्रमच्या पुस्तकांची कुठलीही यादी काढा, त्यात हे असतंच, आणि ते बरोबरच आहे. जॅझमधला नावाजलेला ड्रमर जो मोरेलो ज्या स्टोनकडं शिकला, त्यांचं हे पुस्तक. दिवाणजींनी ते ऑनलाइन मागवलं होतं.

दुसरं जिम चॅपिन यांचं 'अ‍ॅडव्हान्स्ड टेक्निक्स फॉर द मॉडर्न ड्रमर'. पुतण्यानं पुण्याहून जुन्या पुस्तकांतनं आणलेलं. यातला 'मॉडर्न' म्हणजे १९४८ सालचा, आणि विषय जॅझ. उजव्या हातानं राइड सिंबलवर, म्हणजे मोठ्या झांजेवर, एक ठरलेली चाल अखंड चालू ठेवायची आणि डाव्या हातानं स्नेअरवर, म्हणजे पुढ्यातल्या ड्रमवर, तिच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखं वेगळंच वाजवायचं. पुढं पायही त्यात येतात. 'अ‍ॅडव्हान्स्ड' हा शब्द मुखपृष्ठावर ठळक छापलेला आहे, तरी नवशिके ते घेतात. नाव मोठं असलं की विशेषण वाचायचं राहून जातं.

तिसऱ्याचं नाव घेत नाही. अमुक दिवसांत ड्रम शिका, या जातीतलं. चौथ्या दिवशी ठेका, नवव्या दिवशी सात मात्रांचा ताल. शिवाय मोबाइलमध्ये कुणीतरी ग्रुपवर टाकलेल्या तीसएक पीडीएफ होत्या, त्यातली एकही पाचव्या पानापलीकडं उघडलेली नव्हती. फोनच्या पडद्यावर पाच रेषा मुंग्यांच्या रांगेसारख्या दिसतात, आणि दोन्ही हातांत काड्या असताना पान कोण सरकवणार?

मी म्हटलं, तिसऱ्या पुस्तकातला पहिला ठेका वाजवून दाखवा.

त्यांनी वाजवला. धुम्, टक्, धुम्, टक्. लय अगदी पक्की, पण बाकी काहीच नाही.

"हाय-हॅट कुठाय?"

"कुठला?"

हाय-हॅट म्हणजे पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी. मी पानावर बोट ठेवलं. सगळ्यात वरच्या रेषेच्याही वर आठ फुल्या छापलेल्या होत्या.

"ते? ते खोडलंय न्हवं?"

माणूस आयुष्यभर खतावण्या लिहीत आलाय. त्याच्या लेखी फुली म्हणजे रद्द केलेली नोंद. दोन महिने हे गृहस्थ पुस्तकातली एकूण एक फुली इमानदारीनं गाळून वाजवत होते. "बँड वाजल्यागत लागतंय, गाण्यावर बसंना," एवढंच त्यांना जाणवत होतं. ड्रमच्या लिपीत फुली म्हणजे सिंबलवरचा आघात. वरच्या रेषेच्याही वरची फुली हाय-हॅट, खालून तिसऱ्या घरातला गोल ठिपका स्नेअर, सगळ्यात खालच्या घरातला पायानं वाजवायचा बेस ड्रम. बहुतेक पुस्तकांत असंच असतं, पण टॉम, म्हणजे सेटवरचे बाकीचे ड्रम, आणि राइड यांच्या जागा प्रकाशकागणिक थोड्या इकडंतिकडं होतात. म्हणून कुठलं चिन्ह कशाचं, हे सांगणारी सूची लागते. या पुस्तकात ती होतीही, शेवटच्या पानावर, प्रकाशकाच्या इतर पुस्तकांच्या जाहिरातीच्या आधी. तिथपर्यंत कोण जातो? ओळ पुन्हा वाजवा असं सांगणारे जे दोन ठिपके असतात, ते त्यांना विसर्ग वाटले होते.

मी हसलो, तेही हसले. पण ते घरी गेल्यावरही माझ्या डोक्यातनं ती गोष्ट जाईना. हा माणूस आळशी नव्हता आणि ढ तर नव्हताच. रोज अर्धा तास मान मोडून बसत होता. त्याच्या शेजारी पहिल्या दिवशी एक जाणता माणूस पाच मिनिटं बसला असता, तर दोन महिने वाचले असते.

हळकुंड मोडून

पुढच्या रविवारी मी 'स्टिक कंट्रोल' उघडायला सांगितलं. त्याचं व्यायामांचं पहिलं पान म्हणजे चोवीस छोट्या ओळी, प्रत्येक आघाताला आर किंवा एल, म्हणजे उजवा किंवा डावा. पहिली ओळ उजवा-डावा-उजवा-डावा, पाचवी ओळ म्हणजे साधं पॅराडिडल: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. अशी तीन पानं, बहात्तर ओळी. स्टोन यांची सूचना अशी की प्रत्येक ओळ न थांबता वीस वेळा वाजवायची, मग पुढची.

दिवाणजींनी मला हिशेब मांडून दाखवला. ओळीत सोळा आघात. मिनिटाला साठ ठोके, ठोक्याला दोन आघात, म्हणजे एका ओळीला आठ सेकंद. वीस वेळा म्हणजे दोन मिनिटं चाळीस सेकंद. चोवीस ओळींना चौसष्ट मिनिटं. हाताशी वेळ तीस मिनिटं. मग त्यांनी काय केलं? लय वाढवली आणि सगळं पान तीस मिनिटांत बसवलं. रोज.

हिशेब चोख होता, वाजवणं चुकीचं. काडी मुठीत आवळलेली, अंगठा वर आलेला. उजव्या हाताचा आघात दाणकन, डाव्याचा जेमतेम. हलगीत असंच असतं. उजव्या हातातलं टिपरू बोलतं आणि डाव्या हातातली बारीक काडी भर घालते. तीस वर्षांची ती सवय ओळीगणिक आणखी पक्की होत होती, आणि पुस्तकाला त्याचा पत्ता नव्हता. पुस्तकात काडी कशी धरायची, दोन्ही आवाज सारखे आहेत का हे कसं ओळखायचं, दुखलं तर काय करायचं, हे त्या ओळींच्या मधे कुठंच नाही.

नसणारच. बोस्टनमध्ये स्टोनसमोर जो विद्यार्थी बसायचा, त्याला हे सगळं स्टोन तोंडानं सांगायचे. ते पुस्तक शिकवणाऱ्याच्या हातातलं साहित्य आहे. चॅपिनचंही तेच. या धंद्यात नावाजलेली पुस्तकं बहुतेक अशीच आहेत: मास्तरनं कप्प्यातनं काढायची, एक ओळ दाखवायची, ऐकायची, दुरुस्त करायची आणि परत कप्प्यात ठेवायची. यादी बनवणारेही वाजवणारे असतात, मास्तरकडं शिकून मोठे झालेले. त्यांना ज्या पुस्तकाचा फायदा झाला ते नाव ते सांगतात, पण शेजारी मास्तर बसला होता हे सांगायचं राहून जातं.

मग एकट्यानं शिकणाऱ्यानं पुस्तक कसं पारखायचं? मी त्यांनाच विचारलं, "हळद कशी बघता?"

"हळकुंड मोडून. वरच्या पॉलिशला कोण विचारतंय? पॉलिशच्या ड्रमात घातलं की कुठलंबी चकाकतंय."

मग पुस्तकही मोडूनच बघू, म्हटलं. मुखपृष्ठ नको, पहिलं पान नको. मधलं कुठलंतरी पान उघडायचं आणि दोन ओळींच्या मधे वाक्यं आहेत का बघायचं. नुसत्याच ओळी असतील, तर ते पुस्तक मास्तरसाठी आहे. वाक्यं असतील, तर ती काय सांगतात ते वाचायचं: 'हे वाजवा' एवढंच, की 'असं ऐकू आलं तर चुकतंय' हेसुद्धा? दुसरं वाक्य ज्या पुस्तकात सापडेल ते घ्यावं. चिन्हांची सूची पुढच्या पानांत आहे का, आणि ओळ कशी ऐकू यायला हवी याचा ध्वनी किंवा व्हिडिओ सोबत आहे का, हेही तिथंच कळतं. जुन्या आवृत्तीला सीडी चिकटवलेली असते आणि आता घरात सीडी लावायला काही नसतं, तेवढं बघून घ्यायचं.

मुंबईत फुर्टाडोजसारख्या दुकानात उभं राहून पुस्तक चाळता येतं. सांगलीत ती सोय नाही. शेजारी मिरज सतार-तानपुऱ्याचं माहेरघर, २०२४ मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण ड्रमचं पुस्तक मागितलं की तिथले दुकानदार तुमच्याकडं दयेनं बघतात. म्हणून विक्रीच्या पानावर आतली नमुना पानं दाखवली असतील तरच मागवायचं, असं आम्ही ठरवलं.

तसं पारखून एक घेतलं: सँडी फेल्डस्टाइन आणि डेव्ह ब्लॅक यांचं 'आल्फ्रेड्स ड्रम मेथड', भाग पहिला. १९८७ चं, म्हणजे तेही तरुण नाही. पण ते बोलतं. काडी धरण्यापासून सुरुवात, एका वेळी एकच नवी गोष्ट, ती वाक्यांत समजावून मग ओळी, आणि अधूनमधून वाजवायला छोटा तुकडा. बहुतेक सगळं एकट्या स्नेअरवर, म्हणजे वाड्यातल्या पॅडवर होण्यासारखं. इंग्रजी साधं आहे, अडलं तिथं त्यांच्या थोरल्या मुलीनं सांगितलं. रूडिमेंटसाठी, म्हणजे हातांच्या मूळ चालींसाठी, वेगळे पैसे घालवू नका म्हटलं. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवादकांच्या संस्थेचा चाळीस रूडिमेंटचा तक्ता फुकट मिळतो, आणि त्यातली पहिल्या वर्षी चार आली तरी खूप झालं.

'स्टिक कंट्रोल' फेकायचं नव्हतं. पण पान नाही, रोज तीन ओळी. साठच्या लयीला, वीस-वीस वेळा, आठ मिनिटं. आणि तिसऱ्या ओळीच्या वेळी फोनवर रेकॉर्डिंग. पहिल्या रात्रीचं रेकॉर्डिंग त्यांनी मला पाठवलं, खाली लिहिलं होतं: "डावा हात पगारी रजेवर हाय." पुस्तकानं दोन महिन्यांत जे सांगितलं नव्हतं, ते त्यांना स्वतःच्या कानानं दहा सेकंदांत कळलं.

'आणि'ची अडचण

एक बारीक गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण मला ती दिवाणजींमुळं कळली. इंग्रजी पुस्तकं ठोका मोजायला 'वन अँड टू अँड' म्हणायला सांगतात. दिवाणजी त्याचं मराठी करून म्हणायचे: एक आणि दोन आणि. आणि दर वेळी मधला आघात किंचित उशिरा पडायचा. आधी मला वाटलं हाताचं काहीतरी असेल. मग एकदा काड्या खाली ठेवायला लावल्या आणि नुसतं तोंडानं म्हणायला सांगितलं, तेव्हा लक्षात आलं. 'अँड' एका झटक्यात संपतो. 'आणि'ला दोन अक्षरं, पहिलं लांब. जागा एका अक्षराची, त्यात ते मावत नाही, सांडतं.

उपाय त्यांनीच काढला. यार्डात पोती मोजताना हमाल जसं तोडून बोलतात तसं: एक-न, दोन-न, तीन-न, चार-न. दुसऱ्या मिनिटाला मधला आघात जागेवर. ठोक्याला चार आघात आले तेव्हा आम्ही 'तकधिमि' घेतलं, तीन आले तेव्हा 'तकिट'. आता माझी वर्गातली पोरंही 'एक-न' म्हणतात.

आणि एक, पान ठेवायचं कुठं. सुरुवातीला त्यांनी आईचा पोथीचा चौरंग घेतला होता. तो इतका खाली, की मान वाकून पाठ धरायची. शिवाय चाळिशी लागलेली, हातभर अंतरावरचं छापील बारीक दिसेना. शेवटी स्वतःच्या पुस्तकातलं चालू पान मोठं करून घेतलं आणि कपड्याच्या चिमट्यांनी खिडकीच्या गजाला लावलं. पुस्तकाला स्पायरल बांधणी करून घेतली, म्हणजे ते आपोआप मिटत नाही. असल्या गोष्टी कुठल्या यादीत नसतात, पण पहिल्या महिन्यात सराव सुटतो तो यांच्यापायीच.

माझं काय चुकलं

जानेवारीपर्यंत हात बरे झाले. डावा उजव्याच्या जवळ आला. मग मी माझ्याकडचं टेड रीड यांचं 'सिंकोपेशन' दिलं, १९५८ चं. तेही न बोलणारंच पुस्तक, पण आता त्यांना वाचता येत होतं, आणि एकेका ओळीनं वाचन पक्कं करायला त्याच्यासारखं दुसरं नाही. रोज रात्री एक पान, रविवारी दुपारी माझ्याकडं येऊन तेच सेटवर.

सेटवर पहिल्याच दिवशी गाडी रुतली. हात चालायला लागले की पाय थांबायचा, पाय आठवला की हात अडखळायचे. मी म्हणालो, होईल. तीन रविवार गेले तरी होईना.

दोष त्यांचा नव्हता. रीडच्या पुस्तकात स्नेअरच्या ओळीखाली, दांडी खाली केलेल्या ठिपक्यांत, बेस ड्रमचे ठोके छापलेले आहेत. घरी बेस ड्रम नाही म्हणून दिवाणजी ते गाळत होते, आणि गाळू नका हे मी सांगितलं नव्हतं. फुलीच्या वेळी मी ज्या पुस्तकाला नावं ठेवली, तीच चूक आता मी केली होती. मी स्वतः आधी हात, मग पाय असा शिकलो. पण मला पंधराव्या वर्षी रोज सेट मिळत होता. ज्याला आठवड्यातून एकदा मिळतो, त्याचा पाय पहिल्या दिवसापासून जमिनीवर चालायला हवा. मिरवणुकीतल्या हलगीत पाय वाट चालतात, ठोका देत नाहीत. तीस वर्षांत त्यांच्या पायाला ताल धरायचं काम कुणी दिलंच नव्हतं.

मग उलटं केलं. पुस्तकातल्या सोप्यात सोप्या पानावर मागं गेलो, आणि पॅडसमोर बसून टाच टेकवून चवड्यानं फरशीवर ठोका. त्यांच्या मंडळींनी चपलेच्या आवाजावरनं तक्रार केली, तेव्हा खाली पोतं घातलं.

एवढ्यात हळदीचा हंगाम सुरू झाला. सौदे, वजनं, पट्ट्या, रात्री अकरापर्यंत पेढी. मार्च ते मे सराव जवळजवळ बंद. त्या काळात पुस्तकावर फक्त तारखा होत्या, पेन्सिलीनं, पानाच्या कडेला, ज्या दिवशी पाच मिनिटं मिळाली त्या. जूनमध्ये परत सुरुवात केली तेव्हा त्या तारखांवरनं कळलं कुठं थांबलो होतो. जुलैत कृष्णेचं पाणी चढायला लागलं, आणि आयर्विन पुलाखाली ते चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडं निघाल्यावर खणभागात कुणाचं लक्ष काड्यांवर राहणार? त्या आठवड्यात पुस्तकं पेढीच्या वह्यांबरोबर माळ्यावर गेली. सोबत पॅडही.

सेटसाठी नवं पुस्तक घेताना ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ड्रम किट परीक्षेचं, पहिल्या ग्रेडच्याही आधीच्या 'इनिशियल' पातळीचं घेतलं. परीक्षा द्यायची नव्हती. पण त्यात पूर्ण तुकडे असतात आणि त्यांच्याबरोबर वाजवायला मागचं संगीत असतं. ते संगीत कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे आपण कुठं पळतो ते लगेच उघडं पडतं. परीक्षेची पुस्तकंही मास्तर आहे असं धरूनच केलेली असतात, म्हणून हे मी पहिल्या महिन्यात दिलं नसतं.

आजची स्थिती अशी. साधा ठेका, आठही फुल्यांसकट, चार मिनिटं न पळता वाजतो. टॉमवरनं फिरून यायचं म्हटलं की अजून पळतो. पॅराडिडल सत्तरच्या लयीला स्वच्छ, ऐंशीला डावा हात पुन्हा रजेवर. वाचन त्यांचं माझ्या तीन वर्षं येणाऱ्या पोरांपेक्षा पुढं आहे, आणि ते पोरांना कळल्यापासून दिवाणजींची लाज बरीच कमी झाली. रविवारी आता ते पोरांच्या वेळेलाच येतात.

चॅपिनचं पुस्तक पहिल्या दिवशी मी ठेवून घेतलं होतं, ते माझ्याच कपाटात आहे. मागच्या रविवारी परत देऊ केलं. त्यांनी मधलं पान उघडलं, जरा वेळ बघितलं आणि मिटून माझ्याकडं सरकवलं.

"राहू द्या मास्तर. पुढच्या हंगामानंतर बघू."